तक्रार करून दाखवा

भोपाळला आले तेव्हा माझ्याकडे सामान कमी होतं आणि तक्रार करण्याची हौस भरपूर. मी पुण्याची, त्यात शाळामास्तरीण. नवरा टाउनशिपच्या कारखान्यात इंजिनिअर, क्वार्टर मिळालं मधल्या मजल्यावरचं. तीन मजली ब्लॉक, प्रत्येक मजल्यावर समोरासमोर दोन घरं, आणि भिंती अशा की शेजारच्याने उसासा टाकला तर इकडून विचारावं, काय झालं हो. पहिल्याच आठवड्यात कळलं की आमच्या डोक्यावर कुणीतरी रोज सकाळी मोठा दगड फिरवतं. घर्रर्र, घर्रर्र, आणि मग एक दणका. मी नवऱ्याला म्हटलं, मी टाउनशिपच्या ऑफिसात अर्ज देते. तो नेहमीप्रमाणे वर्तमानपत्रात होता.

अर्ज द्यायच्या आधी तळमजल्यावरच्या तिवारीबाईंना विचारलं, ऑफिस कुठे आहे. मी जणू पोलिसात जाते आहे अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "ऑफिस क्यों? शोर की बात है तो दादा के पास जाओ ना."

दादा म्हणजे तिवारींच्या समोरचे खानझोडे. वर्ध्याकडच्या एका खेड्यातले, तरुणपणी नोकरीसाठी आले आणि इथलेच झाले. हिंदी बोलणाऱ्यांचे दादा आणि मराठी बोलणाऱ्यांचेही दादाच. संध्याकाळी आंघोळ करून, पांढरी बंडी आणि पायजमा घालून आपल्या दारासमोरच्या ओट्यावर बसायचे. दांडगा माणूस, मान बैलासारखी, आणि हसला की गाल वर जाऊन डोळे बंद. त्यांच्यासमोर उभी राहून मी माझी तक्रार वर्गात शिकवतात तशी मुद्देसूद मांडली. त्यांनी हात कानामागे नेला.

"काय म्हणून राहिल्या?"

मी पुन्हा सांगितलं, आवाज चढवून.

"काय?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ब्लॉकातल्या झाडून सगळ्या आवाजाच्या तक्रारी ज्याच्याकडे जायच्या तो माणूस बहिरा होता. ठार नव्हे, पण चांगलाच. मी मनात म्हटलं, बाई गं, कुठे येऊन पडलो आपण.

"मले कमी ऐकू येते, बाई," दादा म्हणाले. "सांगू नका. करून दाखवा."

"काय करून दाखवू?"

"आवाज. जसा होते तसा करा. थांबा, आधी वरच्यांले बोलावू द्या."

आमच्या डोक्यावरच्या पिल्लईबाईंना खाली बोलावण्यात आलं. त्या ओले केस पाठीवर सोडून आल्या. तिवारीबाई कठड्याला टेकून उभ्या राहिल्या, दादांच्या पत्नी सुमनताई दारात आल्या. आणि पुण्याच्या नामांकित शाळेत शिकवून आलेली मी, भर चौकात, तोंडाने घर्रर्र केलं.

"अखंड, का थांबून थांबून?" दादांनी अगदी गंभीरपणे विचारलं.

"थांबून थांबून."

"मधात काही पडते?"

"हो. ढप् असं."

"मंग ढप् बी करा नं."

मी ढप् केलं. पिल्लईबाई मान हलवत म्हणाल्या, "नहीं नहीं, ऐसा नहीं," आणि त्यांनी स्वतः करून दाखवलं. माझ्यापेक्षा फार चांगलं. मग मी पुन्हा केलं, मग त्यांनी. कठड्याशी तिवारीबाई पोट धरून हसत होत्या, आणि थोड्या वेळाने मीही. हसता हसता निघालं ते एवढंच, की डोसा-इडलीचं पीठ वाटायचा पिल्लईबाईंचा दगडी रगडा जमिनीवर नीट बसत नव्हता आणि डुगडुगत होता. खाली गोणपाट घातलं आणि ढप् संपलं. घर्रर्र राहिलं, पण ज्याच्या घरचं पीठ दर रविवारी आपल्याकडे येतं त्याचं घर्रर्र माणूस सहन करतो.

दादांच्या न्यायाची ही पहिली पायरी. दुसरीही होती. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याने एकदा तक्रार करणाऱ्याच्या घरी जाऊन, बसून, आपला आवाज आपण ऐकायचा. पिल्लईबाई आमच्याकडे येऊन बसल्या, वर त्यांच्या मुलीने रगडा फिरवला. त्या छताकडे बघत राहिल्या आणि "अय्यो" एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून रगडा मी माझ्या इथल्या नव्या शाळेत शिकवायला गेल्यावर सुरू व्हायला लागला, ते मी काही सांगितलं नव्हतं.

कधी कुणी हट्टाला पेटायचं. आम्ही काय नाटकवाले आहोत का, आवाज करून दाखवायला? दादा शांतपणे म्हणायचे, "मंग तक्रार पिकली नाही अजून. पिकू द्या. पिकली की आणा." बहुतेकांची पिकायच्या आतच झाडावरून गळून जायची. ऑफिसात कागद द्यायला मात्र ते कुणालाच देत नसत. कागद गेला की माणूस खालच्या मानेनं जिना चढतो, आणि ज्यानं दिला तोही, असं त्यांचं म्हणणं होतं.

ब्लॉकातला एक कायदा तर खास त्यांच्या डोक्यातून निघालेला. तिवारीजी कारखान्यात क्रेन चालवायचे. रात्रपाळी लागली की दिवसा झोपायचे, आणि ती झोप नीट झाली नाही तर क्रेनखाली उभ्या असलेल्या माणसांचं काही खरं नव्हतं. म्हणून दादांनी ठरवून दिलं होतं की रात्रपाळी सुरू झाली की तिवारीजींचा लाल गमछा जिन्याच्या कठड्याला बांधायचा. गमछा दिसला की चपला हातात घेऊन जिना चढायचा, कुकरच्या शिट्ट्या सकाळीच उरकायच्या, पोरांनी खेळायला मैदानात जायचं. एकदा काय झालं, पाळी बदलली आणि तिवारीबाई गमछा सोडायला विसरल्या. आम्ही सगळे आपले अनवाणी, कुजबुजत, भांडं पडलं तरी जीभ चावत. इकडे तिवारीजी दिवसपाळी करून संध्याकाळी घरी यायचे आणि सुन्न बसायचे. शेवटी ते दादांच्या ओट्यावर आले आणि हळूच विचारलं, "दादा, ब्लॉक में किसी के यहाँ गमी हो गई क्या, कोई गुज़र गया? कोई बोलता क्यों नहीं?" दादांना ते एकदा ऐकू आलं नाही. दुसऱ्यांदा आलं तेव्हा त्यांचे डोळे जे हसून बंद झाले ते बराच वेळ उघडले नाहीत.

पण सगळंच हसण्यावारी नेणारा हा माणूस नव्हता. मागच्या ब्लॉकातला एक गृहस्थ एकदा तक्रार घेऊन आला. शेजारच्या घरात संध्याकाळी आरडाओरडा होतो, टीव्ही ऐकू येत नाही. दादांनी नेहमीप्रमाणे म्हटलं, करून दाखवा. तो ओरडला, मग अडखळला, आणि मग त्याने एका तळहातावर दुसरा हात जोरात मारला. दादांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "बस," ते म्हणाले. "हे करून दाखवायची गोष्ट नाही. आन हे तुमी टीव्हीसाठी सांगून राहिले?" तो माणूस खाली बघायला लागला. दादांनी चपला घातल्या.

त्या संध्याकाळपासून पुष्कळ दिवस दादा आपल्या ओट्यावर दिसले नाहीत. ते मागच्या ब्लॉकात, बायकोवर हात टाकणाऱ्या त्या माणसाच्या बैठकीत, सोफ्यावर पेपर वाचत बसायचे. त्याला म्हणायचे, "तुमचं चालू द्या, मले काही ऐकू येत नाही." तो माणूस काय चालू देणार? चहा सांगायचा आणि गप्प बसायचा. दादा पेपर घडी करून, बाईंच्या हातचा चहा पिऊन, "वहिनी, उद्या येतो," म्हणून निघायचे. एकदा त्याने धीर करून म्हटलं की हा माझ्या घरचा मामला आहे. दादा म्हणाले, "हो नं. म्हणूनच घरी येऊन राहिलो." तो प्रकार थांबला. पुढे ती बाई कधी रस्त्यात भेटली तर दादांच्या पाया पडायला वाकायची आणि हे भलतेच कानकोंडे व्हायचे. मला त्या दिवसांत ह्या माणसाचा इतका अभिमान वाटायचा की पुण्याला पत्र लिहिताना मी माझ्या सख्ख्या काकांपेक्षा त्यांच्याबद्दल जास्त लिहायची.

आता हे कान गेले कसे ते सांगायला हवं. दादा कारखान्याच्या फोर्ज शॉपमध्ये होते. भट्टीतून काढलेला लोखंडाचा लाल गोळा ऐरणीवर ठेवायचा आणि त्याच्यावर वरून यंत्राचा भला मोठा हॅमर पडायचा, असं ते काम. उमेदीच्या दिवसांपासून ते त्या हॅमरसमोर उभे. कानात घालायला बोळे मिळायचे, ते हे खिशात ठेवायचे. का, तर बोळे घातले की हॅमर नीट बसला का तिरका हे कळत नाही. सुमनताई म्हणायच्या, "माझी सवत आहे ती. माझ्याआधी घरात आली, आणि माझ्यापेक्षा जास्त ऐकलं तिचं ह्यांनी."

सुमनताई नागपूरच्या, बोलायला गोड आणि आतून करारी. कानाचं मशीन घ्या म्हणून त्या नवऱ्याच्या मागे लागलेल्या असायच्या. मशीन घ्यायचं तर डॉक्टरकडे जायला हवं, डॉक्टर तपासणार, आणि एकदा का बहिरा म्हणून नोंद झाली की हॅमरवरून काढून स्टोअरमध्ये खुर्चीवर बसवणार. दादांना रिटायर व्हायला फार दिवस राहिले नव्हते. ते म्हणायचे, "तेवढे उभ्यानं काढू दे." ह्या एका गोष्टीपुढे ते बायकोचंही ऐकत नसत. एकदा स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता सुमनताई मला म्हणाल्या, "त्यांना हॅमरवरून उठवलं नं बाई, तर ते घरी येऊन जे झोपतील ते उठायचे नाहीत. भीती वाटते मला." त्यामुळे त्याही फार ताणायच्या नाहीत.

हॅमरच्या खालोखाल त्यांचा जीव असलेली दुसरी गोष्ट म्हणजे रेडिओ. संध्याकाळी नागपूरचं स्टेशन लागायचं, खरखरत, मधेच बुडत, पण लागायचं. बातम्या, शेतीच्या गोष्टी, भजन, एखादी श्रुतिका. दादा ओट्यावरून उठून आत जायचे, रेडिओ शेल्फावरून काढून मांडीवर घ्यायचे आणि आवाजाचं बटण जेवढं फिरेल तेवढं फिरवायचे. त्यांना तेवढ्यात जेमतेम ऐकू यायचं.

आणि आम्हाला? काय सांगावं. भांडी थरथरायची. माझ्या मुलांचा अभ्यास त्या वेळात होत नसे, म्हणून मी त्यांना तेव्हा जेवायला बसवायची. सकाळी वाटायचं राहून गेलं तर पिल्लईबाई रगडा मुद्दाम तेव्हाच लावायच्या, कारण त्या गदारोळात तो कुणाला ऐकू येण्याची सोयच नव्हती. तिवारीबाईंना मराठीचा गंध नव्हता पण विदर्भातला कापसाचा भाव तोंडपाठ असायचा. सुमनताई कधी वर येऊन खालच्या आवाजात विचारायच्या, "फार मोठा होतो का हो आवाज?" आम्ही सगळ्या एकसुरात म्हणायचो, छे, छे. अळीमिळी गुपचिळी. ज्या माणसाने ब्लॉकातलं प्रत्येक भांडण मिटवलं त्याच्याविरुद्ध तक्रार करायची, आणि ती करायची तरी कुणाकडे?

त्या दिवसांत आमच्या समोरचं, म्हणजे दादांच्या बरोबर डोक्यावरचं क्वार्टर रिकामं होतं. तिथे रश्मी आणि तिचा नवरा राहायला आले. सागर गावाकडची, हिंदी बोलणारी पोर, नवरा नवीन नोकरीला लागलेला, आणि कडेवर काही आठवड्यांची मुलगी. मुलगी जन्मली तीच नाजूक, दूध टाकणारी, झोप न लागणारी. दिवसभर किरकिर करून संध्याकाळी कुठे तिचा डोळा लागायचा आणि खाली नागपूर सुरू व्हायचं. आम्ही रश्मीला ब्लॉकाचे सगळे कायदे सांगितले होते. गमछाही सांगितला. हा एक न लिहिलेला कायदा मात्र सांगायला कुणाची जीभ वळली नाही.

एका संध्याकाळी, रेडिओच्या वेळेच्या जरा आधी, ती पोरीला खांद्यावर घेऊन खाली आली. तिला ब्लॉकात येऊन थोडेच दिवस झाले होते, पण दादांची पद्धत तिने ऐकली होती. मी जिन्यात भाजी निवडत होते. तिवारीबाई दारात होत्या.

"दादा, एक शिकायत है," ती मोठ्याने म्हणाली.

दादांचा चेहरा खुलला. बऱ्याच दिवसांत नवी तक्रार आली नव्हती. "बोलो बेटा. किसकी?"

ती अडखळली. आमच्याकडे पाहिलं. आम्ही दोघी भाजीकडे आणि उंबऱ्याकडे बघत होतो.

"अच्छा, नाम बाद में. पहले करके दिखाओ."

रश्मीने एक क्षण डोळे मिटले, आणि मग तिने ते केलं. आधी सुरुवातीची धून. मग खर्जातला निवेदकाचा आवाज, तिच्या हिंदी जिभेवर मोडकं-तोडकं मराठी: नमस्कार, आता ऐकू या शेतकरी बंधूंसाठी. मग मधली खरखर. मग भजनातले टाळ. सगळं हुबेहूब, आणि जितक्या मोठ्याने होतं तितक्या मोठ्याने, कारण पोरगी प्रामाणिक होती. खांद्यावरचं बाळ दचकून रडायला लागलं.

दादा एकटे हसले. "अरे वा, मराठी बोलून राहिली पोरगी. किसका रेडियो है ये?"

रश्मीला काय करावं कळेना. सुमनताई आतून हात पुसत आल्या आणि म्हणाल्या, "आपला."

"काय?"

"आपला. आपला रेडिओ आहे." दादांनी कानामागे हात नेला, तशा त्या मोठ्याने ओरडल्या, "अहो, आपला रेडिओ." आणि पदर तोंडाला लावला.

दादांनी एकेकाकडे पाहिलं. तिवारीबाईंकडे, माझ्याकडे, वरून डोकावणाऱ्या पिल्लईबाईंकडे. प्रत्येकीच्या चेहऱ्यावर त्यांना तेच दिसलं असणार.

"तुमाले सगळ्याइले माहीत होतं?" ते म्हणाले. "इतकी वर्षं?"

मी म्हटलं, "दादा, तसं काही फार नाही हो."

"बाई, तुमी पुण्याच्या. ढप्साठी ऑफिसात चालल्या होत्या. माझीच तक्रार करायले काऊन लाजल्या? मी काय परका होतो?" आवाज चढला नव्हता त्यांचा. चढला असता तर बरं झालं असतं. ते उठून आत गेले आणि त्या दिवशी रेडिओ लागला नाही.

मला कुणीतरी श्रीमुखात भडकवल्यासारखं झालं. आम्ही त्यांचा मान राखत होतो असं समजत होतो, आणि त्यांना वाटलं की सगळ्यांनी मिळून त्यांना वेगळं बसवलं. विचार केल्यावर वाटलं, त्यांचं बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी दादा रश्मीच्या घरी आले. आपलाच कायदा, तो मोडायचा कसा? ज्याचा आवाज त्याने तक्रारवाल्याच्या घरी जाऊन बसायचं. रश्मी बिचारी घाबरून मला घेऊन गेली. खाली सुमनताईंना सांगून ठेवलं होतं की नेहमीच्या वेळी नेहमीसारखा लावायचा. बाळ पाळण्यात नुकतंच झोपलं होतं. दादा पाळण्याशेजारी खुर्चीवर बसले, हात गुडघ्यांवर ठेवून.

खाली रेडिओ लागला. माझ्या पायाखालची फरशी बोलायला लागली.

"लागला काय?" दादांनी विचारलं.

मी मान हलवली. त्यांनी डोकं तिरकं केलं, एक कान खाली केला, मग दुसरा. त्यांना काही म्हणजे काही येत नव्हतं. आपला आवाज ऐकायला आलेला माणूस आणि त्याला तो ऐकू येत नाही. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

मग त्यांचं लक्ष पाळण्यात गेलं. बाळाच्या दोन्ही मुठी एकदम उघडल्या, हात हवेत गेले, हनुवटी थरथरली आणि चेहरा गोळा झाला. दादा वाकून बघत राहिले. त्यांनी मला खूण केली, बंद करायला सांगा. मी गॅलरीतून सुमनताईंना सांगितलं. रेडिओ थांबला, बाळाचे हात हळूहळू खाली आले. "पुन्हा," दादा म्हणाले. पुन्हा लागला, पुन्हा मुठी उघडल्या. दादांनी आपला तो हॅमरवाला राकट पंजा बाळाच्या छातीवर अलगद ठेवला आणि म्हणाले, "बस. दिसला मले."

जिना उतरताना त्यांनी कठडा घट्ट धरला होता. मला म्हणाले, "कान माझे गेले, आन त्रास तुमी वाहून राहिले."

त्यानंतर नागपूर बंद झालं. ब्लॉकात संध्याकाळी अशी शांतता पसरायची की घर खायला उठावं. तिवारीजी ओट्यावर जाऊन हात जोडून आले, दादा, थोडा तो बजाओ. दादा म्हणाले, तक्रार खरी आहे. पिल्लईंनी कानात घालायची वायर आणून दिली, पण गेलेल्या कानाला वायर काय करणार, नुसती खरखर. रश्मी तर रोज माझ्याकडे येऊन रडायची, "दीदी, मैंने क्या कर दिया." मी तिला सांगितलं, तू त्यांना शेजारी समजलीस, आम्ही नाही समजलो. हे मी तिच्या समाधानासाठी म्हटलं नव्हतं.

दादा त्या दिवसांत ओट्यावर बसायचे पण तक्रार घेत नसत. कुणी आलं तर म्हणायचे, "ज्याले स्वतःचा आवाज समजत नाही त्यानं दुसऱ्याचा न्याय करू नाही." आणि पुन्हा समोर बघत बसायचे. आत, शेल्फावर, रेडिओवर सुमनताईंनी विणलेला रुमाल घालून ठेवला होता.

एका सकाळी मी शाळेत निघाले तर दादा इस्त्रीचा गणवेश घालून उभे. पाळीची वेळ नव्हती. सुमनताई शेजारी, चांगलं लुगडं नेसून. मी विचारलं, कुठे? सुमनताई म्हणाल्या, "कान दाखवायला." दादा म्हणाले, "काय करता बाई. हॅमर एकटा माझा होता. कान तर सगळ्याइचे आहेत."

जे व्हायचं ते झालं. डॉक्टरांनी तपासलं, मशीन लिहून दिलं, आणि दादांना हॅमरवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं. शेवटच्या दिवशी ते घरी आले तेव्हा सुमनताईंनी पुरण घातलं होतं. दादा जेवले, पाट सरकवला आणि म्हणाले, "आता उद्यापासून खुर्ची." मग अंगणात जाऊन खूप वेळ दात कोरत उभे राहिले. सुमनताईंना वाटत होती ती भीती खरी ठरते की काय असं मलाही वाटलं. पण दुसऱ्या दिवशी ते वेळेवर उठले आणि कामावर गेले. मोठा माणूस, दुसरं काय म्हणणार. स्वतःच्या जिवाचा तुकडा काढून दिला आणि कुणाला उपकार म्हणून जाणवूही दिला नाही.

नेमकं त्याच सुमाराला आमच्या बदलीची ऑर्डर आली. आवराआवर, मुलांचे दाखले, ट्रक, ह्या धांदलीत दादांचं मशीन आल्याचं मला कळलंच नाही. निघायच्या दिवशी सामान गेलं होतं, नवरा रिक्षा आणायला गेला होता, आणि मी रिकाम्या घराला कुलूप लावून जिना उतरायला लागले. दादा मधल्या वळणावर पायरीवर बसले होते. कानात ते बदामी रंगाचं मशीन, डोळे मिटलेले.

मी जवळ गेले तसे त्यांनी डोळे उघडले. मी सवयीने ओरडून म्हटलं, "दादा, निघाले मी."

ते दचकले. "हळू बोला नं बाई," म्हणाले, आणि सरकून मला जागा करून दिली. मी शेजारी बसले. खाली तिवारीजींच्या दारात कुणीतरी कपडे आपटत होतं. रश्मीची मुलगी रडत होती, आणि रश्मी तिला घेऊन घरभर फिरत असणार, पैंजणं वाजत होती. वरून पिल्लईंचा रगडा, त्यांच्या समोरच्या सक्सेनांच्या पोरांची मारामारी, कुठेतरी नळ, कुठेतरी बादली, कुणाच्या तरी घरी रेडिओवर लागलेली गाणी. मला ह्यातलं काही वेगळं असं ऐकूही येत नव्हतं, इतकी मी त्याला सरावले होते.

"हा एवढा आवाज," दादांनी विचारलं, "रोज होते?"

"रोज."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून, दादा."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि चेहरा असा की हसावं का काय करावं ते समजत नसावं.

"आन माझ्याकडे तक्रारी एवढ्याच आल्या?"

खाली रिक्षाचा हॉर्न वाजला. मी उठले, वाकून नमस्कार केला, आणि दोन शब्द बोलायला तोंड उघडलं. दादांनी हातानेच मला थांबवलं, डोळे पुन्हा मिटले आणि डोकं भिंतीला टेकवलं. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची ओढत होतं. त्यांना ती ऐकायची होती.